रविवारचा मसाल्याचा चहा



वैशाखात नागपुरास उभे राहून गरम चहावर व्याख्यान द्यावयाचे, हे धाडस म्हणावे की अविचार, ते आपणच ठरवा. विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस मोठ्या सौजन्याने विचारले की, त्याऐवजी पन्ह्यावर काही बोलता येणार नाही काय? आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, की पारा ४५ अंशांच्या घरात असताना आपण दोघे जेथे बोलत उभे आहोत, ती चहाची टपरीच आहे. त्यानंतर त्यांनी हरकत घेतली नाही.

कामगार संघटनेच्या माणसाने वेतनावर, बोनसवर, फार तर संपावर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. पण संघटनेचे निम्मे काम सभेत होते आणि निम्मे टपरीवर. या दुसऱ्या निम्म्यात आम्ही जे शिकलो, त्यातले थोडे आज सांगावयाचे आहे. विषय साधा आहे. सुटीच्या दिवशी घरोघरी मसाल्याचा चहा होतो. तो करावा कसा, त्याची चव घ्यावी कशी, आणि ती चव घेण्याची फुरसत आपल्याला आली कोठून, या तीन प्रश्नांपुरतेच आम्ही बोलू.

प्रथम घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमचे वडील मिलमध्ये साच्यावर काम करीत. आठवड्याचे सहा दिवस ते पाळीवर निघण्यापूर्वी उभ्यानेच चहा घेत. बशीत ओतायचा, दोन घोटांत संपवायचा, आणि चप्पल पायात घालायची. आईने कधी विचारलेच, ‘‘चहा कसा झाला होता?’’ तर उत्तर ठरलेले असे: ‘‘गरम होता.’’ परंतु सुटीच्या दिवशी हाच मनुष्य स्वतः स्टोव्हपाशी बसे. खलबत्ता पुढ्यात घेई, अद्रक ठेचे, पातेल्यावर झाकण ठेवी, आणि पहिला कप आईच्या हाती देऊन दुसरा आपण घेई. मग हळूच म्हणे, ‘‘आज वेलची थोडी जास्त पडली. लवंग मात्र बरोबर आहे.’’ मनुष्य तोच, जीभ तीच, पुडीतली पत्तीही तीच. सहा दिवस ज्याला केवळ ‘गरम’ एवढेच कळत होते, त्याला सातव्या दिवशी लवंग आणि वेलची वेगवेगळी कळू लागे. हा फरक कशाने पडला, या प्रश्नाभोवतीच आमचे आजचे भाषण फिरणार आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यात आमची शोधबुद्धी काही नाही. वडिलांची पद्धत आहे, आणि तिची कारणे आम्ही पुढे पुस्तकांत धुंडाळली.

चार माणसांसाठी तीन कप पाणी आणि दीड कप दूध घ्यावे. अर्धा-पाऊण कप उकळण्यात जातो. अद्रक बोटाच्या एका पेराएवढे, लवंगा दोन, काळी मिरी चार, दालचिनीचा लहानसा तुकडा एक, वेलदोडे चार, पत्तीचे लहान चमचे चार, आणि साखर ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. वेलदोडे सोडून बाकीचा मसाला जाडसर ठेचून थंड पाण्यातच टाकावा आणि ते पाणी मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळू द्यावे. लवंग, दालचिनी, मिरी ही कठीण कातडीची मंडळी आहेत. वेळ दिल्याशिवाय ती बोलत नाहीत. अद्रकही याच पाण्यात शिजले पाहिजे. ताज्या अद्रकात प्रथिने फोडणारे एक द्रव्य असते. कच्चे अद्रक दुधात पडले तर त्यामुळे दूध नासण्याचा संभव असतो. पाण्यात नीट उकळले म्हणजे त्या द्रव्याचा जोर संपतो. ‘‘अद्रक आधी, दूध मागून,’’ असे आया सांगतात त्यात हे शास्त्र आहे.

मग पत्ती टाकावी आणि दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उकळू नये. आपल्याकडे पत्ती पुनःपुन्हा उकळण्याची खोड आहे. त्याने रंग गडद येतो, परंतु तुरटपणा वाढून बाकीच्या चवी दबतात. आमच्या शेजारच्या सेवाग्रामात राहून गेलेल्या गांधीजींचा चहावर राग होता, तो मुख्यतः याच तुरट द्रव्यावर, म्हणजे टॅनिनवर होता. त्यांचा सल्ला या शहराने मानला नाही हे उघड आहे; निदान पत्ती कमी उकळून अर्धा तरी मानावा.

त्यानंतर वेगळे तापवलेले दूध ओतावे. दुधातील प्रथिने तुरट द्रव्याला धरून ठेवतात, म्हणून दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो. दोन उकळ्या आल्या की पातेले उतरवावे, आणि तेव्हा कोठे ठेचलेले वेलदोडे टाकून दोन मिनिटे झाकण ठेवावे. वेलचीचा सुगंध उडून जाणारा आहे. ती आधीपासून उकळली तर वास शेजाऱ्यांना मिळतो आणि आपल्या कपात टरफले उरतात. उन्हाळ्यात मिरी आणि लवंग कमी करून गवती चहाची दोन पाती टाकावीत. पावसाळ्यात ताज्या अद्रकाऐवजी सुंठ चालते. मात्र ती कमी घ्यावी, कारण वाळल्यावर तिचा तिखटपणा वाढतो.

या सगळ्याला वेळ लागतो सुमारे वीस मिनिटे. हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आता चव. कोलकात्यात १८६१ सालापासून चहाचे लिलाव होऊ लागले, आणि लिलावापूर्वी चहा चाखणारे पगारी जाणकार असतात. त्यांच्यापुढे ओळीने कप मांडलेले असतात. प्रत्येकात ठरावीक वजनाची पत्ती, ठरावीक पाणी, पाच-सहा मिनिटे मुरवलेले. ते चमचाभर चहा मोठ्याने भुरकन ओढतात, तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. भुरका मारला म्हणजे चहाबरोबर हवा आत जाते आणि सुगंध घशाच्या मागून नाकात चढतो; चवीचा मोठा भाग नाकच ओळखते. लहानपणी आम्ही भुरका मारला की मार खात होतो, आणि तिकडे त्याच भुरक्याबद्दल पगार मिळतो, हे कळले तेव्हा आम्हांस आमच्या बालपणाविषयी थोडे वाईट वाटले.

घरी आपण एवढेच करावे. कप तोंडाला लावण्यापूर्वी एकदा वास घ्यावा. पहिला घोट भुरकून घ्यावा आणि क्षणभर थांबावे. आधी वेलची येते, मग गोडी, मग पत्तीचा तुरटपणा जिभेच्या कडांना लागतो, आणि घोट गिळल्यावर घशात अद्रक आणि मिरी मागे राहते. मसाला प्रमाणात असेल तर हे सगळे एकामागून एक कळते. जास्त झाला तर सगळेच एकदम बोलू लागतात, आणि आमच्या काही सभांप्रमाणे कोणाचेच ऐकू येत नाही.

आणखी एक प्रयोग अवश्य करावा. तीच पत्ती नुसत्या गरम पाण्यात, दूध, साखर, मसाला काही न घालता, एकदा चाखून पाहावी. पत्ती चांगली की हलकी हे तेथे कळते. मसाला चांगल्या चहाला शोभा आणतो हे खरे. परंतु हलक्या चहावर पांघरूणही घालतो. आम्हां संघटनेच्या लोकांना हे चटकन समजते. वर्षभर वेतन कमी द्यावयाचे आणि दिवाळीस मिठाईचा डबा द्यावयाचा, हा मसाल्याचाच प्रयोग आहे. डबा घ्यावा, मिठाई खावी. परंतु पत्ती कोणती होती ते विसरू नये.

आता ही पत्ती आली कोठून? आसामात चहाचे मळे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तेथे मजूर नेले गेले ते छोटानागपूरच्या पठारावरून, ओरिसातून, आणि नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतातूनही. करार मोडून मळा सोडणे हा गुन्हा ठरेल असे कायदे होते. १८५९ चा कायदा हा त्यांतलाच. म्हणजे या प्रांतातली माणसे आधी चहाच्या मळ्यात गेली, आणि चहा मागाहून या प्रांतात आला.

तो आपोआपही आला नाही. मळेवाल्यांच्या मागणीवरून १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापडगिरण्या, खाणी, रेल्वे स्थानके येथे चहाची दुकाने मांडली गेली. चहाने थकवा जातो आणि कामगाराचे हात जलद चालतात, असे गिरणीमालकांना पटवण्यात आले. चहाच्या सुटीचा हा एक जन्म आहे, आणि तो काही दयेपोटी झालेला नाही. पुढे १९३०-३१ च्या सुमारास आसामात मॅकर्चर नावाच्या व्यवस्थापकाने पाने दातेरी रुळांमधून चिरडून त्यांचे दाणे करण्याचे यंत्र काढले. ही दाणेदार पत्ती थोडक्यात पुष्कळ रंग देते. दूध, साखर, मसाला यांपुढे टिकून राहणारा चहा गरिबाच्या खिशाला परवडू लागला तो पुढे या दाणेदार पत्तीचा प्रसार झाल्यावर.

गंमत अशी की, चहाचा प्रचार करणाऱ्यांना मसाला मुळीच पसंत नव्हता. किटलीत पत्ती, वरून उकळते पाणी, दूध वेगळे, ही त्यांची ‘योग्य’ पद्धत. टपरीवाल्यांनी दूध-साखर वाढवली, मसाला घातला आणि पत्ती कमी केली. यात प्रचारकांना पत्तीचा खप बुडताना दिसे. थोडक्यात, आपण आज ज्याला परंपरा म्हणतो तो मसाल्याचा चहा वरून आलेल्या सूचनेप्रमाणे झालेला नाही. मळेवाल्यांनी पत्ती दिली, आणि सामान्य माणसाने घरच्या काढ्यातली सुंठ-मिरी तीत टाकून तिला आपले केले.

म्हणजे चहा आला, मसाला आला. राहिली ती वीस मिनिटे. ती कोठून आली?

१८७७ सालच्या १ जानेवारीस, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या शहरात सुरू झाली. पुढल्या काळात येथे निर्वाहवेतनाची आणि भविष्यनिर्वाह निधीची सोय त्या काळाच्या मानाने लवकर झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आठवड्याची सुटी हा हक्क त्या वेळी देशात कोठल्याच गिरणी कामगाराला नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम हा सर्वत्र शिरस्ता होता.

मुंबईत सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मागितली. सहा वर्षे ही मागणी लोंबकळत राहिली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईस सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली, तीत कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुटी आणि मधली अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली गेली. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडल्या गेलेल्या दुरुस्तीने १९४६ साली आठवड्याचे काम ४८ तासांवर आले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृह आवश्यक करण्याची तरतूद केली. आमच्या वडिलांना लवंग आणि वेलची वेगळी कळली ती या मार्गाने. चव ही फुरसतीची गोष्ट आहे, श्रोतेहो. आणि फुरसत मिळत नसते, ती मिळवावी लागते.

योगायोग असा की, त्याच १८९० साली, ऑक्टोबरात, पुण्यात चहाचेच एक प्रकरण घडले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्याल्याबद्दल बहिष्काराची धामधूम उडाली. नावे लहान नव्हती: टिळक, रानडे, गोखले. ज्या रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू झाली, त्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. एकाच वर्षात मुंबईचे कामगार चहा पिण्याइतका वेळ मिळवीत होते, आणि पुण्यात चहा कोणाच्या हातचा या वादाचे बीज पडत होते.

यावर हसणे सोपे आहे. आम्हीही पुष्कळ वेळा हसलो. मग एका दिवशी हसू थांबले, ती गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील वाद मिटल्याबद्दल आमच्या कचेरीत चहा झाला. मसाल्याचा, दुधाळ, काचेच्या पेल्यांतून. भाषणे झाली, समतेवर आम्हीच बोललो. कचेरी झाडणारी बाई दाराशी उभी होती. कोणीतरी तिला कागदी कपात चहा दिला आणि तिने तो बाहेर पायरीवर बसून घेतला. पेले कमी पडले होते काय? नाही. फडताळात सहा पेले रिकामे होते. तिला बाहेर बसावयास कोणी सांगितले होते काय? तेही नाही. कोणी सांगितले नाही, आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही. आमच्या तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी एका तरुण कामगाराने ते बोलून दाखवले. आम्ही त्या बाईंकडे जाऊन क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘त्यात काय भाऊ, माझा कप वेगळा असतेच ना.’’ वेगळा ‘असतेच’! त्या एका शब्दाने आमची तीस वर्षांची भाषणे हलकी झाली. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत वेगळ्या कपबश्या असत, हे आम्ही इतिहास म्हणून सांगत होतो; आणि तो इतिहास आमच्याच पायरीवर बसून चहा पीत होता.

कोल्हापूरच्या शाहूमहाराजांचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेल. त्यांच्या पागेतला गंगाराम कांबळे हा नोकर सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला पैसे देऊन चहाचे हॉटेल काढावयास लावले. आणि लोक तेथे फिरकेनात, तेव्हा आपली गाडी त्याच्या दाराशी थांबवून स्वतः चहा मागवला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. महाराजांनी तेथे व्याख्यान दिले नाही. ते चहा प्याले. काही गोष्टी बोलून होत नाहीत, घोट घेऊनच होतात. त्या दिवसापासून आमच्या कचेरीत पेले एकाच फडताळात आहेत आणि सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसून चहा मिळतो. हा मोठा पराक्रम नव्हे. फार पूर्वी करावयाचे काम उशिरा झाले, एवढेच.

आता आजचा प्रश्न. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. त्या जागेवर आता मोठी बाजारपेठ उभी आहे. कामगार मात्र संपलेले नाहीत, ते हिंगण्यास आणि बुटीबोरीस गेले. तेथील एका कारखान्यात चहाची दहा मिनिटांची सुटी बंद करून खात्यातच चहाचे यंत्र बसवण्यात आले. कळ दाबली की कप भरतो, वेळ वाचतो, सोय झाली, असे व्यवस्थापकांचे म्हणणे. आम्ही कामगारांना विचारले, ‘‘चहा कसा असतो?’’ एक तरुण म्हणाला, ‘‘गरम असतो.’’ आम्हांस वडील आठवले. यंत्राविषयी आमची तक्रार नाही. मसाल्याचा वासही त्या चहाला येतो. परंतु ती दहा मिनिटे चहासाठी नव्हती. मनुष्याने मनुष्याशी बोलावे, पाठ टेकावी, आपण यंत्र नाही याची आठवण ठेवावी, यासाठी होती. ती आम्ही परत मागितली आहेत. बोलणी चालू आहेत.

आणि आपला रविवार? आपण सुटीच्या दिवशी घरी बसून खाणे मागवतो. उन्हातान्हातून दुचाकीवर ते आणून देणाऱ्या पोराचा रविवार कोणता? सोसायटीच्या फाटकावर बसलेल्या चौकीदाराचा कोणता? आसामच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या बाईच्या घरी पत्ती कोणत्या प्रतीची असते? हे प्रश्न विचारून आपल्या चहाची गोडी घालवावी असा आमचा हेतू नाही. चव घ्यावयाची म्हणजे कपात काय काय आहे ते ओळखावयाचे. आपण लवंग ओळखली, वेलची ओळखली. मग यांनाही ओळखावे.

शेवटी एकच विनंती. येत्या रविवारी चहा आपण स्वतः करा. घरात रोज जी करते, तिला बसवा आणि पहिला कप तिच्या हाती द्या. दारात कोणी काही घेऊन आले तर त्यालाही त्याच कपातून द्या आणि दोन मिनिटे सावलीत बसावयास सांगा. मग सर्वांना विचारा, ‘‘कसा झाला?’’ उत्तर ‘‘गरम आहे’’ एवढेच आले, तर समजा की त्या माणसाची वीस मिनिटे अजून मिळवावयाची राहिली आहेत. आणि कोणी म्हणाले, ‘‘वेलची थोडी जास्त पडली,’’ तर वाईट वाटून घेऊ नका.

 बाहेर चहा ठेवला आहे. अद्रक आधी घातले आहे, आम्ही पाहून आलो.